दोन धावपट्ट्यांमधले अंतर

१ डिसेंबर २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून इंडिगोने हैदराबादमार्गे तिरुपतीची विमानसेवा सुरू केली. त्याआधी १३ मार्च २०२२ ला इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी एक सेवा सुरू झाली होती, पण ती टिकली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी लष्करासाठी बांधलेली ही धावपट्टी. ऐंशी वर्षांनी तिच्यावरून उडालेल्या प्रवाशांत बालाजीच्या दर्शनाला निघालेली माणसे असावीत, ही या भागाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. आकाशातून सरळ रेघ ओढली तर बिरसी ते हैदराबाद सुमारे ५१५ किलोमीटर भरतात आणि हैदराबाद ते तिरुपती सुमारे ४२०. दोन्ही टप्प्यांचे प्रत्यक्ष उड्डाण अडीच तासांच्या आसपास उरकते. रेल्वेने हाच प्रवास हजार किलोमीटरहून मोठा असून त्यात जवळजवळ एक दिवस जातो. पायी जायचे म्हटले तर महिन्याहून अधिक. महिनाभराची वाट अडीच तासांवर आली की श्रद्धाळू मनात एक शंका उभी राहते आणि ती गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या धानपट्ट्यातल्या तालुक्यात मोठ्या शहरापेक्षा जास्त खरेपणाने विचारली जाते. इतक्या कमी वेळात, न थकता झालेली यात्रा ही यात्रा ठरते का? की अंतर आटले तसे पुण्यही आटले? प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याच्या मुळाशी अंतर म्हणजे काय हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

आधी त्या आकड्यांकडे पाहू. विमानतळांमधले अंतर म्हणून जे सांगितले जाते ते पृथ्वीच्या गोल पाठीवरून काढलेल्या सर्वांत लहान कमानीचे असते. त्यात डोंगर नाही, नदी नाही, नाका नाही. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलले तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा. म्हणजे हे दोन्ही आकडे विमानाचे आहेत, माणसाचे नाहीत. सडक अर्जुनीच्या माणसाचे अंतर त्याच्या ओसरीपासून सुरू होते. त्याला जायचे असते दक्षिणेला, पण बिरसी गाठायचे तर कोहमारा, गोरेगाव, गोंदिया असे साठेक किलोमीटर तो उत्तरेकडे जातो. उलट नागपूरचे विमानतळ त्याला राष्ट्रीय महामार्गाने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास पडते. तिरुपतीला उतरल्यावरही तो रेणिगुंट्याच्या धावपट्टीवर असतो, देव अजून सात डोंगरांवर आहे. घर ते गाभारा हे अंतर कुठल्याच वेळापत्रकात छापलेले नसते. ते प्रत्येकाचे निराळे आहे, आणि ही निव्वळ सोयीची बाब नसून तत्त्वाची आहे.

वैशेषिक दर्शनाने हे फार स्पष्टपणे ओळखले होते. कणादांच्या मांडणीत दिशा आणि काल ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. पण ‘दूर असणे’ आणि ‘जवळ असणे’ ही द्रव्ये नव्हेत, ते गुण आहेत: परत्व आणि अपरत्व. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी या गुणांची उपपत्ती देताना जी अट घातली ती मोलाची आहे. परत्व निर्माण व्हायला अपेक्षाबुद्धी लागते. कोणीतरी एका ठिकाणी उभा आहे, त्याच्यापासून दोन वस्तूंकडे जाताना मध्ये किती संयोग पडतात याची तो तुलना करतो, तेव्हा एक वस्तू दूर ठरते आणि एक जवळ. ती अपेक्षाबुद्धी संपली की तो गुणही संपतो. वैशेषिक हे कडवे वास्तववादी. जग मनाचा खेळ आहे असे ते कधीच म्हणत नाहीत. तरीही दूरपणाच्या कारणांत त्यांनी पाहणाऱ्याला धरले. याच दर्शनाने परत्व-अपरत्वाची दुसरी जोडी कालाच्या बाजूने मांडली: तरुण आणि वृद्ध. ज्याने अधिक सूर्योदय पाहिले तो कालाने ‘पर’. म्हणजे स्थळाचे दूरपण आणि वयाचे थोरपण एकाच नावाखाली आले. इथून मी एक पाऊल पुढे टाकतो, जे प्रशस्तपादांनी टाकलेले नाही. माणसाच्या जगण्यात या दोन जोड्या एकमेकींना स्पर्श करतात. वीस वर्षांच्या मुलाला तिरुपती जितके दूर आहे त्याच्या कितीतरी पट ते सत्तरीच्या आजीला दूर आहे, गाव तेच आणि घर तेच असले तरी. वय वाढते तसे प्रत्येक तीर्थ मागे सरकत जाते. अडीच तासांचे विमान त्या आजीसाठी पुण्याची पळवाट ठरत नाही. काळाने जे अंतर तिच्यावर लादले त्यातला काही भाग ते परत घेते, एवढेच.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्राचा येतो. तीर्थयात्रेत वाहन वर्ज्य आहे असे पुराणवचन आहे. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. पण ते वचन पूर्ण वाचायला हवे. निष्फळ कोणाची? जो ऐश्वर्यापोटी, लोभापोटी किंवा मोहापोटी वाहनात बसतो त्याची. दोष चाकाला दिलेला नाही, बसण्यामागच्या हेतूला दिलेला आहे. धर्मशास्त्रकारांनी फळाचे हिशेब केले तेही याच वाटेने. दुसऱ्यासाठी यात्रा करणाऱ्याला फळाचा सोळावा अंश, आणि वेगळ्या कामाने निघून जाता जाता तीर्थ उरकणाऱ्याला अर्धे फळ, असे वचन निबंधकार देतात. या वाटणीत योजने मोजलेली नाहीत, दिवसही नाहीत. कशासाठी गेलास, एवढेच विचारले आहे. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्व तर अधिकच उदार आहे. यज्ञ हे राजांना आणि धनवंतांना परवडणारे, तीर्थयात्रा मात्र दरिद्री माणसालाही करता येते, ही तिथली भूमिका. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे त्याला तीर्थाचे फळ मिळते, असे तिथे सांगितले आहे आणि जिथे जाणेच शक्य नाही तिथे मनाने जावे, अशी मोकळीकही आहे. मनाने गेलेल्याची यात्रा जो ग्रंथ मान्य करतो, तो विमानाने गेलेल्याची नाकारील असे मानायला आधार नाही.

तरी आक्षेप संपत नाही, कारण तो केवळ ग्रंथांतून आलेला नाही. लोकांच्या मनात कष्टाला स्वतःचे पावित्र्य आहे. पाय सोलवटले, ऊन-पाऊस सोसला, तर देवाला काही दिले असे वाटते. आळंदीहून पंढरपूरचे सुमारे अडीचशे किलोमीटर तीन आठवड्यांच्या आसपास चालणारा वारकरी, किंवा विदर्भातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीच्या पालखीबरोबर महिन्याहून अधिक काळ चालणारा माणूस, यांच्यासमोर विमानाचा प्रवासी उणा वाटतो. या भावनेचा मला पूर्ण आदर आहे, पण तिच्यातला हिशेब अपुरा आहे, कारण कष्ट फक्त वाटेवरचे धरले आहेत. प्रादेशिक विमानसेवांसाठी २०१७ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या उडान योजनेने सुरुवातीला एक माप ठरवले होते: साधारण पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाला, ठरावीक आसनांसाठी, २५०० रुपये. शासनाने अंतर, वेळ आणि पैसा यांना असे एका ओळीत बसवले. आता त्याच मापाने सडक अर्जुनीचा एक हिशेब मांडू. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एका टप्प्यामागे आठ दिवसांहून अधिक काम झाले. जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन टप्पे धरले तर दहा हजार रुपये, म्हणजे तेहतीस-चौतीस दिवसांची मजुरी, तीही त्यातला एक पैसा पोटाला न लावता. पायी चालणारा रोज पंचवीस किलोमीटर काटील असे धरले, तर एकट्या जाण्याच्याच हजार किलोमीटरला चाळीस दिवस लागतात. दोन्ही आकडे जवळजवळ येऊन भिडतात. म्हणजे महिनाभराचे चालणे नाहीसे झालेले नाही, ते वाटेवरून उचलून बांधीतल्या चिखलात आणून ठेवले आहे. रोवणीच्या हंगामात दिवसभर वाकून धान लावणाऱ्या बाईने त्या पैशातून विमानाचे तिकीट काढले, तर तिची तपश्चर्या अडीच तासांची होती असे कोण म्हणेल? ज्याला ते तिकीट एका संध्याकाळच्या खर्चाएवढे वाटते त्याची गोष्ट वेगळी. पण त्याच्यासाठी मत्स्यपुराणातला ऐश्वर्याचा मुद्दा आहेच. कष्ट अंतरात नसतात, ते माणसाच्या आयुष्यात कुठेतरी असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सहसा दिसत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या यात्रेचे मोल करण्याचा अधिकार चालणाऱ्यालाही नाही.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो आणि तो अधिक खोल आहे. पुण्य जर हेतूत असेल, अंतरात नसेल, तर जायचेच कशाला? विमानही नको आणि वाटही नको. या प्रश्नाचे सर्वांत नेमके रूप ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडते. मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना विचारतो: एकाच वेळी मेलेल्या दोघांपैकी एक ब्रह्मलोकात जन्मला आणि दुसरा काश्मिरात, तर आधी कोण पोहोचला? दोघे एकाच वेळी, असे उत्तर येते. राजाला पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला त्याचे जन्मगाव आठवायला सांगतात, जे तिथून दोनशे योजने दूर आहे, मग बारा योजनांवरचे काश्मीर आठवायला सांगतात. कोणते आधी आठवले? सारखाच वेळ लागला, राजा कबूल करतो. पुढे दोन पक्ष्यांचा दाखला येतो: एक उंच झाडावर उतरला, एक बुटक्या झाडावर, पण त्यांच्या सावल्या जमिनीवर एकाच क्षणी पडल्या. उड्डाणाच्या वेळेवर इतका सूक्ष्म विचार दोन हजार वर्षांपूर्वीच्या संवादात व्हावा, याचे आजही नवल वाटते. त्याहून पुढची कथा संयुत्त निकायातली आहे. रोहितस्स नावाचा ऋषी एका पावलात पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्र गाठू शकत होता. त्या वेगाने तो शंभर वर्षे चालला, जगाचा अंत शोधत, आणि वाटेतच मेला. पुढे देवपुत्र होऊन आलेल्या त्याला बुद्धांनी सांगितले की जगाचा अंत चालून गाठता येत नाही; तरी तो गाठल्याशिवाय दुःखाचा अंतही नाही, कारण ते जग या वावभर देहातच आहे. कोणतेही विमान रोहितस्साच्या वेगाला पोहोचणार नाही, आणि तो वेगही पुरला नाही.

सडक अर्जुनी आणि शेजारच्या तालुक्यांत बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा हा विचार इथे परका नाही. पण त्याच परंपरेने काय केले तेही पाहावे. विचाराला अंतर नसते असे सांगणाऱ्या या परंपरेतच, महापरिनिब्बान सुत्तात, श्रद्धावंताने चार स्थाने डोळ्यांनी पाहावीत असा उपदेश आहे: बुद्धांच्या जन्माचे, संबोधीचे, पहिल्या धम्मोपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा लाखो माणसे घर सोडून तिथे गेली. घरी बसून मनाने दीक्षा घेता आली नसती काय? तत्त्वतः आली असती. पण मग ती दीक्षा प्रत्येकाची खासगी बाब राहिली असती. इतरांच्या खांद्याला खांदा लावून, इतरांच्या डोळ्यांदेखत उभे राहण्यातून जे घडले ते घडले नसते. जाण्याचे कारण हे आहे. देव किंवा धम्म तिथे जास्त आणि इथे कमी असतो म्हणून आपण जात नाही. आपले शरीर एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, आणि ते कुठे नेऊन ठेवले यातून माणूस आपला शब्द पक्का करतो. चित्ताला अंतर नाही, देहाला आहे. यात्रा हा देहाचा धर्म आहे. देहाने तिथे असणे ही यात्रेची अट मानली, तर देह चालत नेला की उडवत नेला, हा प्रश्न दुय्यम होतो.

दुय्यम होतो, पण नाहीसा होत नाही. विमानाने एक गोष्ट खरोखर हरवते. तिचे नाव पुण्य नाही. हरवते ते मधले. चक्रधरस्वामींच्या चरित्रातला प्रसंग इथे सर्वांत बोलका आहे. महानुभावांच्या परंपरेनुसार गुजरातेतल्या भरुचचा हा प्रधानपुत्र रामयात्रेला म्हणून रामटेककडे निघाला. वाटेत लवाजमा मागे पडत गेला, आणि रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले. पुढे जे घडले, ज्यातून मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ मिळाला, त्याचे मूळ रामटेकात नाही, रिद्धपुरात आहे. ठरवलेल्या मुक्कामात नाही, वाटेत आहे. भरुच ते रामटेक थेट उड्डाण असते तर रिद्धपूर खाली कुठेतरी ढगाआड गेले असते. पुढे चक्रधरांनी अनुयायांना अखंड फिरण्याची शिकवण दिली, ठरावीक तीर्थांवर चिकटण्याची नव्हे. याच पूर्व विदर्भातल्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार अशाच भटकंतीत त्यांना मिळाले. कालिदासाचा यक्षही, ज्याचा रामगिरी म्हणजे रामटेक असे वा. वि. मिराशी प्रभृतींचे मत आहे, उडणाऱ्या मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जायला सांगतो. आकाशातून जाणाऱ्यालाही जवळच्या रेषेने जाऊ नको म्हणणारा तो कवी अंतराचे मर्म जाणत होता.

मात्र याच कवीने ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात दुसरी बाजूही दाखवली आहे. राम पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येला परततो आणि खाली बोट करून सीतेला एकेक स्थळ दाखवतो. इथे आपण राहिलो, इथे तुझा विरह सोसला. जी भूमी पायाखालून घालायला वर्षे लागली ती काही घटकांत डोळ्यांखालून जाते, आणि रामायणाला त्यात काही उणे वाटत नाही, कारण पाहणाऱ्याला खालचे ठाऊक आहे. मला हा भेद निर्णायक वाटतो. ज्याने वाट जाणली आहे त्याला वरून जाणे हे स्मरण असते, आणि ज्याला खालचे काहीच ठाऊक नाही त्याला ती नुसती उंची असते. कोणी म्हणेल, पडदे ओढून रात्रभर धावणाऱ्या बसमध्ये तरी वाट कुठे दिसते? खरे आहे. मधले हरवण्याचा दोष एकट्या विमानावर टाकता येत नाही. जिथे सहप्रवाशाची ओळख होत नाही, अनोळखी ओसरीवर पाणी मागावे लागत नाही, तो प्रत्येक प्रवास या बाबतीत सारखाच रिकामा आहे, मग तो हजारो फुटांवरून होवो की डांबरावरून. तिरुमलेला अलिपिरीची वाट आहे, साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची. विमानाने आलेल्यांपैकी ज्यांच्या गुडघ्यांत बळ आहे त्यांना शेवटचे नऊ किलोमीटर अजूनही मोकळे आहेत, आणि तिथे भेटणारी माणसे वेळापत्रकाने ठरवलेली नाहीत.

परत्व पाहणाऱ्यावर अवलंबून असते, हे एकदा मान्य केले की त्याचा रोख आपल्याकडेही वळतो. याच गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, कचारगडची गुहा आहे. कोया पुनेम हा आपला धर्म मानणाऱ्या गोंड समाजाचे हे आद्य श्रद्धास्थान; पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा या डोंगराशी जोडलेल्या आहेत. माघ पौर्णिमेच्या सुमारास मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा कितीतरी राज्यांतून माणसे इथे येतात आणि शेवटचा टप्पा जंगलातून चढून जातात. त्यांच्या अपेक्षाबुद्धीत कचारगड जवळ आहे. त्याच जिल्ह्यातल्या, तिरुपतीचे तिकीट सहज काढणाऱ्या कितीतरी बिगरगोंड घरांना मात्र ते बालाजीपेक्षा दूर आहे, कारण तिथे जावे असा विचारच त्यांच्या मनात कधी आलेला नसतो. कोणी म्हणेल, ज्याचे दैवत त्याला. दुसऱ्याच्या तीर्थाला न जाणे हा काही अपराध नाही. नाहीच. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेवाचे दर्शन आणि उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्याची जियारत एकाच डोंगरावर होते, आणि तिथे जाणाऱ्या अनेकांना दोन्हींपुढे डोके टेकवण्यात वावगे वाटत नाही. म्हणजे असे जवळ येणे या मातीला जमते. कचारगडच्या बाबतीत ते अजून पुरेसे जमलेले नाही, आणि हे अंतर कमी करायला विमानतळ लागत नाही.

तेव्हा मूळ शंकेचे माझे उत्तर असे. बिरसीहून विमानाने तिरुपतीला जाऊन आलेल्याची यात्रा पूर्ण आहे. ती अडीच तासांची होती म्हणून तिच्यातून काहीही वजा करू नये, आणि चालत गेलेल्याने आपल्या यात्रेत तेवढ्यावरून काही मिळवूही नये. ज्यांच्या घरात पाय थकलेली माणसे आहेत त्यांनी त्यांना जरूर विमानाने न्यावे, आणि ज्यांना अजून चालता येते त्यांनी येत्या माघ पौर्णिमेला एकदा कचारगड चढावा.